रंग बदलणारा सरडा घरी पाळायचा तर



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. सरड्यावर बोलायला आलो आहोत. तोही आपला नेहमीचा कुंपणावर मान हलवणारा सरडा नाही. डोळे गरगर फिरवत, एकेक पाऊल मोजत, झुलत झुलत चालणारा आणि शेपटीचे वेटोळे करून फांदीला धरून बसणारा तो वेगळा. पुस्तकात त्याला शॅमेलिऑन म्हणतात, काही भागांत घोयरा म्हणतात. पावसाळ्यानंतर पायवाट ओलांडताना तो तुम्ही पाहिला असेल.

हा विषय आमच्याकडे गटांच्या बैठकीतूनच आला. दोन-तीन गटांत एकच प्रश्न निघाला. मुले मोबाइलवर बघतात की कुणीतरी असा सरडा काचेच्या पेटीत ठेवलाय, त्याला किडे भरवतोय, तो हातावर चढतोय. मग मुले म्हणतात, आपल्या कुंपणात तर फुकट आहे, आपणही पाळू. एका ताईचा प्रश्न त्याहून गंभीर होता. रस्त्यावर गाडी थांबवून कुणी तिच्या मुलाला म्हणाले, असा सरडा धरून ठेव, परत येताना पैसे देतो. पोरगा आठवीत. ताई विचारत होती, यात काही वावगे आहे का? सरडाच तर आहे.

तिला जे सांगितले तेच आज सगळ्यांना सांगतो. आधी हे बघू की हा प्राणी पाळायला काय काय लागते. ते नीट कळले की अर्धे उत्तर आपोआप मिळते. कायद्याचे मग बोलू.

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. आपल्या भारतात एकच जात आहे. ती पाकिस्तान आणि श्रीलंकेतही सापडते. शेपटीसकट वीतभरापासून हातभरापर्यंत वाढते. पायाची बोटे चिमट्यासारखी, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन, म्हणून फांदी घट्ट धरता येते, पण जमिनीवर पळता येत नाही. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा माशीकडे. जीभ धडाहून लांब, आणि ती इतक्या वेगाने सुटते की माशी कधी गेली ते आपल्याला दिसतही नाही.

आणि रंग. आपण म्हणतो, सरड्यासारखा रंग बदलतो, म्हणजे लबाड माणूस. हा बिचारा लबाडीसाठी रंग बदलत नाही. पिवळ्या साडीवर ठेवला तर पिवळा झाला, असे काही होत नाही. त्याला थंडी वाजली की तो गडद होतो, म्हणजे ऊन जास्त शोषले जाते. घाबरला, चिडला की काळपट होतो, पट्टे-ठिपके उठून दिसतात. शांत असला की हिरवा, आणि रात्री झोपला की अगदी फिकट. त्वचेखाली अतिशय सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातले अंतर कमी-जास्त झाले की परत येणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. हे स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले. थोडक्यात, त्याचा रंग म्हणजे त्याच्या जिवाची अवस्था. आपले मूल आजारी पडले की चेहरा उतरतो ना, तसे. मोबाइलवर मुले ज्याला ‘बघ कसा मस्त काळा झाला’ म्हणून हसतात, तो बहुतेक वेळा भेदरलेला असतो.

आता पाळण्याचे. परदेशात, म्हणजे अमेरिका, इंग्लंड, जर्मनीत लोक हे सरडे पाळतात, आणि तिकडे गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलांनाही ही हौस लागते. तिथे नव्याने पाळणाऱ्याला बहुतेक करून येमेन देशातली जात सुचवतात, डोक्यावर उंच तुरा असलेली. पिंजऱ्यातच जन्मलेले पिल्लू, दुकानातून पावतीसह घेतलेले. आणि तरीही जाणकार लोक सांगतात की पहिल्यांदाच प्राणी पाळणाऱ्याने यापासून सुरुवात करू नये. कारणे ऐका.

पहिले पाणी. आपण कोंबडीला, शेळीला वाटीत, घमेल्यात पाणी ठेवतो. या सरड्याला साचलेले पाणी हे पाणी आहे हेच सहसा कळत नाही. तो रानात पानावरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. भरलेल्या वाटीशेजारी बसून तो तहानेने मरू शकतो. म्हणून पाळणारे लोक दिवसातून दोन-तीनदा फवारा मारून पाने ओली करतात, शिवाय सलाइनच्या नळीसारखी नळी लावून पानांवर थेंब थेंब पाणी सोडतात. बरे, सतत ओलही चालत नाही, मधल्या वेळेत पिंजरा सुकला पाहिजे, नाहीतर छातीत आणि कातडीवर रोग धरतो. पाणी कमी पडले की डोळे खोल जातात. आपल्याकडे अंगणवाडीत जुलाब झालेल्या बाळाचे डोळे बघायला शिकवतात, तसेच.

दुसरे ऊन. हा भाग जरा नीट सांगायचा आहे, कारण पिंजऱ्यातले सर्वात जास्त सरडे इथेच वाया जातात. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडात जायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते तयार व्हायला अंगावर खरे ऊन लागते. बाळाला कोवळ्या उन्हात का झोपवतात? मुडदूस होऊ नये म्हणून. सरड्याचेही अगदी तेच आहे. घरात, काचेआड ठेवलेल्या सरड्याला ते ऊन मिळत नाही, कारण काच उन्हातला तो नेमका भाग अडवते. मग हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लोंबतो, जीभ बाहेर फेकता येत नाही. जीभ चालली नाही की खाणे बंद. हे हळूहळू होते, महिनोन् महिने, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. परदेशातले लोक यासाठी खास दिवे लावतात, दिवसाला दहा-बारा तास. ते दिवे उजेड देत राहतात, पण त्यांतला कामाचा भाग सहा महिने ते वर्षभरात संपतो, म्हणून बदलावे लागतात. शिवाय ऊब घेण्यासाठी वेगळा दिवा, आणि रात्री दोन्ही बंद, कारण झोपायला काळोख आणि गारवा हवा. आपल्याकडे मेमध्ये वीज किती तास असते ते सांगायला नको.

तिसरे खाणे. भात, भाकरी, बिस्किट यातले काही नाही. जिवंत, हलणारा किडाच लागतो. नाकतोडे, रातकिडे, माश्या, झुरळे. पिल्लू असेल तर रोज, मोठा असेल तर दिवसाआड. तुम्ही म्हणाल, किड्यांना काय तोटा! पण शेतात फवारणी झाली असेल, किंवा घरात झुरळांचा खडू ओढला असेल, तर तो किडा म्हणजे विष. परदेशात पाळणारे लोक किडे वेगळे वाढवतात, त्या किड्यांना आधी चांगला पालापाचोळा, गाजर वगैरे खाऊ घालतात आणि मग त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून सरड्यापुढे सोडतात. म्हणजे एक सरडा पाळायचा तर आधी रातकिड्यांचे कुक्कुटपालन करायचे. आमच्या एका बैठकीत हे सांगितल्यावर एक मावशी म्हणाल्या, त्यापेक्षा मी आणखी चार कोंबड्या पाळीन, अंडी तरी मिळतील. मावशींचा हिशोब आम्हाला पटला.

पिंजरा उभा आणि चारी बाजूंनी जाळीचा हवा, काचेचा नको. काचेत हवा खेळत नाही, आणि काचेत स्वतःचे रूप दिसले की त्याला वाटते दुसरा सरडा अंगावर आला. हे प्राणी एकटे राहणारे आहेत. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले की भांडणे, आणि जो दबतो तो खाणे सोडतो. आत जिवंत झाड हवे, लपायला पाने हवीत. जास्वंद चालते, मनीप्लांट चालतो. हातात घेणे, खांद्यावर बसवून फिरवणे त्याला सोसत नाही. कुत्र्या-मांजराला माया कळते. याला माणूस म्हणजे खायला आलेला मोठा प्राणी एवढेच कळते.

आणि मादी असेल तर आणखी एक. नर भेटला नाही तरी तिच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात. ती घालायला तिला खणता येईल अशी ओलसर, भुसभुशीत माती लागते. माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते आणि त्यातच जाते. आपल्यापैकी ज्यांनी अडलेल्या बाईला रात्री डोलीतून रस्त्यापर्यंत आणले आहे त्यांना हे वेगळे समजावायला नको. त्यात सरड्याचा इलाज जाणणारा जनावरांचा डॉक्टर शहरातही शोधावा लागतो.

आता कायदा. आपल्या रानातला हा सरडा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. पोपटाचेही तसेच आहे, जरी दहा घरांत पिंजरा टांगलेला दिसला तरी. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. धरणे, फासात अडकवणे, तसा प्रयत्न करणे, अगदी सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी विस्कटणे, हेही शिकारीतच मोडते. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्याच्या पहिल्या यादीतल्या प्राण्यांसाठी तर कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात. शिवाय आपला सिद्धगड भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येतो. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. अभयारण्यातून काहीही जिवंत उचलून नेणे म्हणजे आगीत तेल.

गाडीवाल्याने पैसे देऊ केले त्या गोष्टीकडे आता या नजरेने पाहा. मांडुळाच्या बातम्या आपण ऐकतोच. मांडुळाने पैशांचा पाऊस पडतो, अमक्या वजनाचे मांडूळ लाखाला जाते, असे सांगणारा बाहेरचा असतो, आणि पिशवीत मांडूळ घेऊन नाक्यावर उभा असलेला कुठल्यातरी गावचा गरीब पोरगा असतो. पकडला कोण जातो? ज्याच्या हातात पिशवी आहे तो. सरड्याच्या बाबतीत काही वेगळे होणार नाही. विकत घेणारा नंबर बदलून मोकळा. पोरगा लहान असला तरी चौकशी घरापर्यंत येते. मग कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी, प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी. गटात दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून जमवलेली बचत अशा कामात गेलेली आम्हाला बघायची नाही. त्या ताईने मुलाला समजावले, आणि पुन्हा कुणी विचारले तर गाडीचा नंबर लक्षात ठेवून वनरक्षकाला कळवायचे ठरले. असे कुणी तुमच्या भागात फिरत असेल तर तुम्हीही तेच करा. आपसात बोलून सोडून देऊ नका.

कुणी विचारेल, मग परदेशी जातीचा सरडा? शहरात काही लोक ठेवतात. त्यालाही आता सरकारकडे नोंद लागते, ‘परिवेश’ नावाच्या पोर्टलवर, आणि तो कुठून आला याचे कागद लागतात. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेणे म्हणजे चोरीचे बैल विकत घेण्यासारखे आहे. आणि कंटाळा आला म्हणून असा प्राणी रानात सोडणे हे तर सर्वात वाईट. हवाई बेटांवर १९७२ साली केनियातून विक्रीसाठी आणलेले सरडे सुटले. आज ते तिथल्या रानात पसरलेत आणि तिथले किडे, गोगलगायी खाताहेत. मूळचे नसलेले काहीही सोडले की असेच होते. घाणेरी आपल्या माळांवर कशी पसरली ते पाहतोच.

तर पाळायचे नाही. पण सांभाळायचे नाही असे आम्ही म्हणत नाही. हा प्राणी आपल्या कुंपणातच राहतो, आणि त्याला जगवणे-मारणे पुष्कळसे आपल्याच हातात आहे.

सर्वात आधी भीती. हा सरडा विषारी नाही. भारतात विषारी सरडा किंवा पाल एकही नाही. डिवचले तर तोंड उघडून फुस्स करतो, अंग फुगवतो, जमले तर बोटाला चावतो. जखम साबणाने धुवा, एवढेच. तो नजरेने रक्त शोषत नाही. तो दिसला म्हणून घरात कुणी आजारी पडत नाही. अंगावर पडला तर अंघोळ करायची ती खुशाल करा, स्वच्छतेला आमची ना नाही, पण दगड मारू नका. मुलांच्या हातातला दगड काढून घेणे हे आईचेच काम, शाळेवर टाकू नका.

रस्त्यात दिसला तर शेपटीला धरून उचलू नका. त्याच्यापुढे एक काठी आडवी धरा, तो आपोआप काठीवर चढतो. मग तो ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवा. उलट्या बाजूला सोडला तर तो पुन्हा रस्त्यावर येणार. पावसाळा सरताना दिसणारी फुगलेल्या पोटाची मादी बहुधा अंडी घालायला जागा शोधत असते. ती जमिनीत खड्डा करून दहापासून तीसपर्यंत अंडी घालते, माती लोटून बुजवते आणि निघून जाते. तिला हुसकू नका. जागा लक्षात राहिली तर तिथे कुदळ घालू नका.

जखमी सापडला, मांजराने किंवा कावळ्याने टोचलेला, तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडा, आत एक आडवी काटकी आणि थोडी पाने ठेवा, सावलीत शांत जागी ठेवा. पानांवर पाण्याचे चार थेंब शिंपडा. तोंड उघडून पाणी ओतू नका, ते छातीत जाते. हळद, तेल, काही लावू नका. खायला घालण्याच्या फंदात पडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या वनरक्षकाला निरोप द्या. कायद्याने ४८ तासांत कळवावे लागते, पण जखमी जीव तेवढा थांबत नाही, म्हणून त्याच दिवशी कळवा. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, विशेषतः स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी. सरड्या-पालींच्या अंगावर जुलाबाचे जंतू असू शकतात.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या शेतीची आहे. राब भाजायच्या आधी पाल्यापाचोळ्याचे ढीग महिनाभर पडून असतात. त्यात सरडे, सापसुरळ्या, बेडूक आसरा घेतात. पेटवण्याआधी लांब काठीने ढीग सगळीकडून हलवा, थोडे थांबा, मग एका बाजूने पेटवा, चारी बाजूंनी नको, म्हणजे निसटायला वाट राहते. बांधावरची निर्गुडी, एरंड, करवंदीची जाळी मुळापासून काढून तारेचे कुंपण घालण्याची हल्ली घाई झाली आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण कुंपणच काढले तर त्याने धावायचे कुठे? निदान एक बाजू तरी झाडोऱ्याची राहू द्या. त्यातला एक सरडा दिवसभर नाकतोडेच खात असतो, आणि ते काम तो फुकट करतो.

मुलांना हौस असेल तर ती मारू नका. त्यांना तो जागच्या जागी बघायला शिकवा. दिवसा हिरव्यात तो सापडत नाही. रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन कुंपणावर उजेड टाका, फांदीच्या टोकाला फिकट, पांढुरकी आकृती शेपूट गुंडाळून झोपलेली दिसते. दिवस, झाड आणि रंग वहीत लिहायला सांगा. पुढच्या आठवड्यात त्याच झाडावर पुन्हा बघायला सांगा. उजेड डोळ्यांवर धरायचा नाही, फांदी हलवायची नाही. मोठे माणूस बरोबर हवे आणि पायात बूट हवेत, कारण त्याच कुंपणाखाली फुरसे आणि मण्यारही फिरतात.